बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि त्यावरचं संशोधन: पुण्यातले रुग्ण आणि नातेवाईक वारंवार विचारतात ते प्रश्न

रक्तविकारांच्या ओपीडीबाहेर भेटणारे, फोन करणारे, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो पाठवणारे नातेवाईक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आम्ही डॉक्टर नाही, या वाटेवरून गेलेल्या कुटुंबांपैकी आहोत. त्यामुळे औषधाचे डोस इथे मिळणार नाहीत. एक सवय मात्र लावून घ्या. डॉक्टर जे सुचवतात त्यातलं काय रुळलेला उपचार आहे आणि काय अजून तपासलं जातंय, हे दर वेळी स्पष्ट विचारा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

१. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन असतं का? हाड काढून दुसरं बसवतात का?

हाड कुणी काढत नाही, टाकेही पडत नाहीत. ट्रान्सप्लांटच्या दिवशी रुग्णाला सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, एक पिशवी चढवली जाते, एवढंच बाहेरून दिसतं. खूपदा नातेवाईक विचारतात, "झालं? एवढंच?" त्या पिशवीत डोनरच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्या रक्तातून फिरत हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे मज्जेत, पोचतात, तिथे रुजतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त तयार करायला लागतात.

खरी कसोटी त्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या महिन्यांत असते. आधी जोरदार कीमो, काही आजारांत रेडिएशनही देऊन रुग्णाची जुनी मज्जा रिकामी केली जाते. याला कंडिशनिंग म्हणतात. या काळात पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर येतात, तोंड सोलवटतं, ताप येतो.

ही पद्धत उभी केली ती अमेरिकेतले डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी. त्यांचे पहिले प्रयत्न १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले रुग्ण वाचले नाहीत आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक वैद्यकीय जगानं हा नाद सोडून दिला होता. थॉमस यांनी सोडला नाही, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतातलं पहिलं ट्रान्सप्लांट मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं.

२. स्वतःच्याच पेशींनी होतं ते ट्रान्सप्लांट आणि डोनरचं ट्रान्सप्लांट यात फरक काय?

पहिलं ऑटोलॉगस, दुसरं अ‍ॅलोजेनिक. फाइलवर "ऑटो" किंवा "अ‍ॅलो" असं लिहिलेलं असतं. ऑटोमध्ये रुग्णाच्या पेशी आधी काढून गोठवून ठेवतात, मोठ्या डोसची कीमो देतात आणि पेशी परत चढवतात. म्हणजे उपचार कीमोनंच होतो, स्वतःच्या पेशी फक्त मज्जा पुन्हा उभी करतात. मायलोमा (मज्जेतल्या पेशींचा एक कॅन्सर) आणि काही लिम्फोमात (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) हे करतात.

अ‍ॅलोमध्ये डोनरची प्रतिकारशक्तीही सोबत येते आणि उरलेल्या कॅन्सरच्या पेशींवर हल्ला करते. फायदा तिथेच आणि धोकाही तिथेच (प्रश्न ८ पाहा). शेजाऱ्याच्या काकांचं ट्रान्सप्लांट "पंधरा-वीस दिवसांत झालं" असं कुणी सांगितलं तर ते बहुधा ऑटो असतं. त्यावरून स्वतःच्या अ‍ॅलोचा अंदाज बांधू नका.

३. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की ट्रान्सप्लांट लागतंच ना? आमचे डॉक्टर नको म्हणतात.

लागतंच असं नाही, आणि "नको" म्हणणारे डॉक्टर टाळाटाळच करतात असंही नाही. सीएमएल या हळू वाढणाऱ्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, एकेकाळी ट्रान्सप्लांट हाच बरं होण्याचा मार्ग होता. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि बहुतेक रुग्णांचं ट्रान्सप्लांट टळलं. एपीएल नावाच्या ल्युकेमियात एट्रा आणि आर्सेनिक या औषधांवर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मुलांच्या एएलएल या ल्युकेमियातही बहुतेकांचं नुसत्या कीमोवर भागतं.

उलट एएमएल या वेगानं वाढणाऱ्या ल्युकेमियात जनुकांच्या तपासणीत जास्त जोखीम दिसली, किंवा आजार एकदा जाऊन परत आला, तर ट्रान्सप्लांटची चर्चा लवकर सुरू होते. गंभीर अप्लास्टिक अ‍ॅनिमियात, ज्यात मज्जा पुरेसं रक्त बनवत नाही पण जो कॅन्सर नाही, तरुण रुग्णाला पूर्ण मॅच भाऊ-बहीण असेल तर तोच पहिला पर्याय धरतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेलबद्दल प्रश्न १६ आणि १७ पाहा.

४. तीन भावंडं आहेत, तरी एकही मॅच नाही म्हणतात. असं कसं?

मॅच ठरतो तो एचएलए नावाच्या खुणांवरून. त्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात आणि सहाव्या गुणसूत्रावरून येतात. पहिली खूण १९५८ मध्ये फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी शोधली. प्रत्येकाला खुणांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर ती सुमारे ४४ टक्के होते, तीन असतील तर ५८. म्हणजे तीन असूनही दहापैकी चार घरांत निराशा पदरी येतेच. यात कुणाचा दोष नाही, आणि "आमच्यात चेहरे किती सारखे आहेत" याचा एचएलएशी काही संबंध नाही.

आई-वडील आणि मुलं एकमेकांशी निम्मे तरी जुळतातच (प्रश्न ७). चुलत-मावस भावंडांत पूर्ण मॅच क्वचितच सापडतो. सरसकट सगळ्या नात्यागोत्याच्या तपासण्या करून पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

त्यापुढे रजिस्ट्री, म्हणजे नात्याबाहेरच्या इच्छुक डोनरांची नोंदवही. जगभरच्या रजिस्ट्र्यांत मिळून चार कोटींहून जास्त डोनर नोंदलेले आहेत, पण त्यात भारतीय वंशाचे फार थोडे, आणि एचएलएचे नमुने समाजासमाजांत वेगळे असतात. दात्री आणि डीकेएमएस इंडिया या भारतातल्या रजिस्ट्र्यांकडे गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना देऊन नाव नोंदवता येतं. तुमच्या कॉलेजात किंवा आयटी कंपनीत असं शिबिर झालं तर तरुणांनी जरूर जावं. मात्र नंतर फोन आल्यावर घरच्यांच्या दबावाखाली माघार घेणार असाल तर आधीच नोंदवू नका. समोरच्या रुग्णाची कंडिशनिंग सुरू झाल्यावर डोनर मागे हटला तर त्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो.

५. रक्तगट वेगळा असला तर?

चालतो. एचएलए जुळणं महत्त्वाचं. रक्तगट वेगळा असेल तर पिशवीतून लाल पेशी किंवा प्लाझ्मा कमी करण्यासारखी काळजी घेतात. काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगट डोनरचा होतो (प्रश्न २० पाहा).

६. डोनरला काय त्रास होतो? बहिणीचं लग्न व्हायचंय, सासरचे काय म्हणतील?

हा प्रश्न विचारताना आवाज खाली जातो, म्हणून आम्ही मोठ्यानं उत्तर देतो: मज्जा दिल्यानं लग्नाला, गरोदरपणाला, मुलं होण्याला बाधा येत नाही. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. मणक्यातून पाणी काढणं आणि हे, यांचाही संबंध नाही.

दोन पद्धती आहेत. पहिलीत भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईनं मज्जा काढतात. नंतर काही दिवस कंबर दुखते. दुसरीत चार-पाच दिवस जी-सीएसएफ नावाची इंजेक्शनं देतात, त्यानं मूळ पेशी रक्तात उतरतात, आणि मग प्लेटलेट देताना असतं तशा यंत्रावर काही तास बसून त्या गोळा करतात. इंजेक्शनांच्या दिवसांत अंग आणि हाडं ठणकतात, पॅरासिटॅमॉलवर बहुतेकांचं निभतं. गंभीर गुंतागुंत दुर्मीळ आहे, शून्य नाही. म्हणून डोनरची स्वतंत्र तपासणी होते. शक्य असेल तर ती रुग्णाच्या डॉक्टरांऐवजी दुसऱ्या डॉक्टरांकडून व्हावी, म्हणजे डोनरला मोकळेपणानं "नाही" म्हणता येतं.

यातली कुठली पद्धत रुग्णाला बरी, यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि २०१२ मध्ये निकाल आला. नात्याबाहेरच्या डोनरकडून ट्रान्सप्लांट झालेल्या ५५१ रुग्णांत जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं, पण दीर्घकालीन जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला, प्रश्न ८ पाहा) रक्तातून घेतलेल्या पेशींत ५३ टक्के आणि मज्जेत ४१ टक्के. अप्लास्टिक अ‍ॅनिमियासारख्या आजारात, जिथे कॅन्सर मारायचाच नाही, तिथे म्हणून मज्जेला पसंती देतात. तुमच्या केसमध्ये काय घेणार आणि का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

७. "हाफ मॅच" म्हणजे आमच्यावर प्रयोग चाललाय का?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर उत्तर बरंचसं "हो" असं असतं. आज ते तसं नाही.

निम्म्या जुळणाऱ्या डोनरच्या, म्हणजे हाप्लो ट्रान्सप्लांटच्या वाटेत एक भिंत होती: डोनरच्या टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या शरीरावर इतक्या जोरात तुटून पडायच्या की रुग्ण त्यातच जायचा. टी पेशी आधीच गाळून टाकल्या तर जंतुसंसर्ग वाढायचा आणि पेशी रुजायच्या नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं वेगळा मार्ग काढला. पेशी चढवायच्या आणि नंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त कीमोचं औषध द्यायचं. परक्या शरीराविरुद्ध त्या दोन-तीन दिवसांत खवळून भराभर वाढणाऱ्या टी पेशी त्यानं मरतात किंवा निष्प्रभ होतात. मूळ पेशींत मात्र ते औषध निकामी करणारं एन्झाइम भरपूर असतं, म्हणून त्या तगतात. २००८ मध्ये या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि भारतासारख्या देशांत तिचं महत्त्व चटकन ध्यानात आलं. रजिस्ट्रीत आपला डोनर मिळणं कठीण, परदेशातून पेशी मागवणं महाग, आणि आई, बाप किंवा मुलगा तर घरातच असतो.

मग झालं असं की हाप्लोसाठी शोधलेली युक्ती पूर्ण मॅचमध्येही उपयोगी पडली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, सौम्य कंडिशनिंग घेतलेल्या रुग्णांत, वर्षभरानंतर गंभीर जीव्हीएचडीशिवाय आणि आजार न परतता जगणाऱ्यांचं प्रमाण सायक्लोफॉस्फमाइडच्या गटात ५२.७ टक्के आणि जुन्या पद्धतीत ३४.९ टक्के होतं.

अजून काय ठरायचंय? डोस कमी करता येईल का, कोणत्या वयाचा डोनर सगळ्यात बरा, थॅलेसेमियात पेशी नाकारल्या जाण्याचं प्रमाण कसं कमी करायचं. म्हणजे हाप्लो हा रुळलेला उपचार आहे, पण त्याच्या आतल्या काही बाबींवर संशोधन चालू आहे. आपल्याला यातलं नेमकं काय दिलं जातंय, ते कागदावर लिहून घ्या.

८. जीव्हीएचडी म्हणजे पेशी "रिजेक्ट" होणं का?

उलट. रिजेक्शनमध्ये रुग्णाचं शरीर डोनरच्या पेशी नाकारतं. जीव्हीएचडीत डोनरच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परकं मानतात. सुरुवातीच्या महिन्यांत त्वचेवर पुरळ, पातळ जुलाब, कावीळ अशी लक्षणं दिसतात. नंतरच्या प्रकारात डोळे-तोंड कोरडं पडणं, त्वचा घट्ट होणं, धाप लागणं. पहिला उपचार स्टेरॉइड. त्याला दाद न देणाऱ्यांसाठी रुक्सोलिटिनिब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते आता आपल्याकडेही वापरलं जातं. तळहातावर नवीन लालसरपणा दिसला तर "उन्हानं झालं असेल" म्हणून सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

९. डिस्चार्ज मिळाला की गावी जाऊ का? आम्ही सोलापूरचे.

अ‍ॅलो झालं असेल तर पहिले साधारण १०० दिवस रुग्णालयापासून जवळ राहावं लागतं. आठवड्यातून दोनदा तपासणी असते आणि ताप आला तर तासाभरात पोचता आलं पाहिजे. खोली शोधताना भाड्याआधी तीन गोष्टी पाहा: स्वतंत्र संडास-बाथरूम, शेजारी चालू बांधकाम नाही, आणि खिडकीत-डक्टमध्ये कबुतरं नाहीत. शेवटची अट पुण्यात सगळ्यात अवघड. बांधकामाच्या धुळीत आणि कबुतरांच्या विष्ठेत बुरशी असते, आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या फुफ्फुसात ती प्राणघातक ठरू शकते.

गणपतीत घरी मूर्ती बसवायला हरकत नाही. निर्माल्य, कुंड्यांची माती, गर्दीची आरती आणि मिरवणूक यांपासून रुग्णाला लांब ठेवा. नातेवाइकांनी भेटायला येऊ नये हे सांगण्याचं काम रुग्णावर टाकू नका. घरातल्या सगळ्यात ठाम माणसाकडे ते द्या.

लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, कारण लहानपणीच्या लसींचं संरक्षण बरंचसं पुसलं जातं. गोवरासारख्या जिवंत लसी किमान दोन वर्षं नाहीत, आणि त्याही डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावरच.

१०. कोशिंबीर, दही, ताक? आणि गुळवेलीचा काढा दिला तर काउंट वाढेल ना?

जेवणाबद्दल प्रत्येक युनिटचा तक्ता वेगळा असतो आणि त्यामुळे लोक गोंधळतात. "सगळं उकडलेलंच" हा कडक आहार खरंच संसर्ग टाळतो का, हे इटलीत रुग्णांचे दोन गट करून तपासलं गेलं. स्वच्छ धुतलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांत संसर्ग जास्त आढळला नाही. काही युनिट्स म्हणून सैल झाली आहेत, काही नाहीत. तुमच्या युनिटचं ऐका. बाहेरची भेळ, उसाचा रस, बर्फाचा गोळा यांवर मात्र कुणाचंच दुमत नाही: नको.

गुळवेल नको. करोनाच्या काळात काढे पिऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी केली आहे. शिवाय प्रतिकारशक्ती "वाढवणारं" काहीही या काळात उलट्या दिशेनं काम करू शकतं, कारण डोनरच्या पेशींना शांत ठेवण्यासाठीच तर रोजच्या गोळ्या चालू असतात. पपईच्या पानांचा रसही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या.

११. खर्च किती, आणि मदत कुठून?

ऑटोला कमी, पूर्ण मॅच भावंडाला त्याहून जास्त, हाप्लो आणि नात्याबाहेरच्या डोनरला सगळ्यात जास्त, हा क्रम धरा. पॅकेजचा आकडा मिळाल्यावर त्यात काय नाही हे विचारा. बुरशीवरची औषधं, जास्तीच्या प्लेटलेट, पुन्हा दाखल होणं आणि १०० दिवसांचं घरभाडं हे बहुधा बाहेरच असतं.

मदतीसाठी पहिला माणूस म्हणजे रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक. डॉक्टरांइतकेच ते महत्त्वाचे आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचा आजार आणि ते रुग्णालय बसतं का, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, ट्रस्ट या सगळ्यांचे अर्ज त्यांच्याकडे असतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या पात्र रुग्णांना कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ठरावीक रुग्णालयांतच. यातल्या बऱ्याच ठिकाणी उपचार होऊन गेल्यावर केलेला अर्ज चालत नाही. तारीख ठरायच्या आधी फाइल लावा.

१२. "ट्रायलमध्ये घेऊ का?" असं डॉक्टरांनी विचारलंय. आमच्या मुलाचा उंदीर तर करणार नाहीत?

भीती रास्त आहे, पण आधी पुढचं तपासा. भारतात क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणीत करणं जून २००९ पासून बंधनकारक आहे. तिथे कुणालाही मोफत शोधता येतं. नोंदणी क्रमांक मागा. एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत मागा आणि घरी न्या. "लगेच सही करा" असं कुणी म्हणालं तर करू नका. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं प्रायोजकावर बंधनकारक आहे. मधेच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. एक मात्र समजून घ्या: कंडिशनिंग झाल्यावर ट्रायल सोडता आली तरी ट्रान्सप्लांट अर्धवट सोडता येत नाही.

"नाणेफेक करून उपचार ठरवतात" हे ऐकून लोक दचकतात. दोन पद्धतींतली कुठली सरस हे खरोखरच माहीत नसतं तेव्हाच तसं करतात, आणि प्रश्न ६ आणि ७ मधले आकडे तशा नाणेफेकीतूनच आले. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलानं त्यात भाग घेतला म्हणून तुमच्या मुलाला आज बरं औषध मिळतंय.

१३. एका क्लिनिकनं ऑटिझमसाठी स्टेम सेल थेरपी सांगितली, तीन इंजेक्शनं, ऑफर दहा तारखेपर्यंत. तेही हेच ना?

नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा संशोधन मानला जातो. तो मंजूर ट्रायलमध्येच व्हायला हवा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. एवढ्या एका वाक्यावर बहुतेक जाहिराती गळतात. ऑफर, "शंभर टक्के", आणि आधी-नंतरचे व्हिडिओ दिसले की निघा.

१४. बाळाची नाळ साठवायचं पॅकेज घ्यावं का?

आयसीएमआरचं म्हणणं आहे की बाळाच्या स्वतःच्या पुढच्या वापरासाठी नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. कारण साधं आहे: थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात तोच दोष त्या पेशींतही असतो. नाळेतल्या रक्तानं पहिलं ट्रान्सप्लांट १९८८ मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं, तेही भावासाठी बहिणीच्या नाळेतलं रक्त वापरून. घरात आधीच असा आजार असलेलं मूल असेल आणि दुसरं होणार असेल तर मात्र प्रसूतीच्या बरंच आधी रक्तविकारतज्ज्ञांशी बोला. तेव्हा साठवण्याला अर्थ आहे.

१५. पुण्यात यावर संशोधन होतं का, की सगळं मुंबई-वेल्लोरला?

ट्रान्सप्लांट पुण्यात होतात: एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर आणि डेक्कनचं सह्याद्री ही त्यातली माहितीची नावं. प्रयोगशाळेतलं काम विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत अनेक वर्षं चालू आहे. मूळ पेशी गोठवताना आणि वितळवताना कमी मराव्यात म्हणून द्रावणात ट्रेहॅलोजसारखे पदार्थ घालून बघण्याचं काम तिथे झालं. एनसीसीएसमध्ये रुग्ण पाहत नाहीत, तेव्हा रिपोर्ट घेऊन तिथे जाऊ नका. लोक जातात म्हणून सांगतोय.

टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट परळला नसून खारघरला त्यांच्याच संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. बोरिवलीत मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि ट्रान्सप्लांट केंद्र मुलांसाठी आहे. वेल्लोरच्या सीएमसीनं १९८६ पासून हे काम केलंय आणि थॅलेसेमियात त्यांचा अनुभव मोठा आहे.

१६. थॅलेसेमियासाठी जीन थेरपी आली म्हणे. ट्रान्सप्लांट न करता थांबू का?

पिंपरी कॅम्पातून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कॅसजेवी या क्रिस्पर (जनुक नेमक्या जागी कापण्याचं तंत्र) उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये, आणि त्यानंतर अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी व जानेवारी २०२४ मध्ये थॅलेसेमियासाठी मान्यता मिळाली. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी काढतात, त्यातल्या बीसीएल११ए या जनुकाचं नियंत्रण कापतात, त्यामुळे गर्भात असतं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. डोनर लागत नाही, म्हणून जीव्हीएचडीही नाही. पण कंडिशनिंगची कीमो चुकत नाही, उपचार १२ वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर आहे.

आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीत हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार) च्या पाच रुग्णांना स्वतःच्या मूळ पेशींत जनुक घालून दिलं गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीनं सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाला. बातमी मोठी आहे. पण तंत्रज्ञान हस्तांतर आणि तुमच्या मुलाच्या खाटेशेजारची पिशवी यांच्यामध्ये चाचण्यांची वर्षं असतात.

म्हणून थांबण्याचं उत्तर घरागणिक वेगळं. लहान मूल, पूर्ण मॅच भावंड आणि यकृत चांगलं असेल तर थांबण्यात तोटाच जास्त. इटलीतल्या पेसारोच्या गटानं दाखवून दिलं की यकृत वाढलेलं असणं, त्यात फायब्रोसिस (व्रणासारखे धागे) असणं आणि लोह कमी करणारा उपचार अनियमित असणं, या तीन गोष्टींनी निकाल बिघडतो. वर्षं जातात तशा या तिन्ही गोष्टी वाढतात. मॅच नसेल तर थांबणं समजण्यासारखं आहे, पण थांबायचं म्हणजे लोह कमी करणारी गोळी रोज, फेरिटिनची (साठलेल्या लोहाची) तपासणी वेळेवर आणि यकृत-हृदयाची तपासणी चालू ठेवून.

१७. सिकलसेलमध्येही ट्रान्सप्लांट करतात का? आम्ही गडचिरोलीचे.

करतात. वारंवार तीव्र वेदना, छातीचा त्रास किंवा लहान वयात पक्षाघात झालेल्या, मॅच भावंड असलेल्या मुलांत विचार होतो. मात्र हायड्रॉक्सियुरिया नीट घेतलं तर अनेकांचं आयुष्य बरंच सुकर होतं. ते औषध सुरू न करताच ट्रान्सप्लांटसाठी पुण्याला धाव घेऊ नका. जीन थेरपीबद्दल प्रश्न १६ पाहा.

१८. रक्त द्यायला सगळे मामा-काका तयार आहेत. त्यांचंच घेऊ ना?

ट्रान्सप्लांटची शक्यता असेल, विशेषतः अप्लास्टिक अ‍ॅनिमिया असेल, तर जवळच्या नातेवाइकांचं रक्त आणि प्लेटलेट रुग्णाला देऊ नका. नात्यातल्या खुणांची रुग्णाच्या शरीराला आधीच ओळख झाली तर पुढे त्याच कुटुंबातल्या डोनरच्या पेशी नाकारल्या जाण्याची शक्यता वाढते. मामा-काकांनी रक्तपेढीत बदली रक्तदान करावं, पिशवी दुसऱ्याची यावी. रुग्णासाठी ल्युकोडिप्लीटेड (पांढऱ्या पेशी गाळलेलं) आणि इरॅडिएटेड (किरणं दिलेलं) रक्त मागा. हे पहिल्या आठवड्यातच कळायला हवं, आणि नेमकं तेव्हाच कुणी सांगत नाही.

१९. मायलोमात नवीन औषधं एवढी चांगली आहेत, मग ऑटो कशाला?

चांगला प्रश्न, आणि तज्ज्ञांतही यावर वाद आहे. २०२२ च्या एका अमेरिकी चाचणीत तीन औषधांसोबत लगेच ऑटो केलेल्यांत आजार सरासरी ६७.५ महिने आटोक्यात राहिला, ऑटो लांबवलेल्यांत ४६.२ महिने. एकूण आयुष्यात मात्र तोवर फरक दिसला नाही. म्हणजे पेशी आताच काढून गोठवायच्या आणि ट्रान्सप्लांट नंतर, हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे. पण आपल्याकडे महागडी औषधं वर्षानुवर्षं घेणं परवडत नसेल, तर एकदाच होणारं ऑटो हिशेबात बसतं. डॉक्टरांशी बोलताना पैशांचं बोलणं बाजूला ठेवू नका. या प्रश्नात तो वैद्यकीय मुद्दाच आहे.

२०. ट्रान्सप्लांटनंतर डीएनए बदलतो का? मुलं होतील का?

रक्तातला डीएनए डोनरचा होतो, बाकी शरीराचा तुमचाच राहतो. रक्तात डोनरचा वाटा किती हे तपासायला कायमेरिझम टेस्ट करतात. पुढे कधी आनुवंशिक तपासणी करायची झाली तर ट्रान्सप्लांट झाल्याचं आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट डोनरचा येईल. मुलांना डोनरचे गुण जात नाहीत.

मुलं होण्याचा प्रश्न कंडिशनिंगमुळे येतो. जोरदार कीमो किंवा रेडिएशननं वंध्यत्व येण्याची शक्यता बरीच असते. तरुण पुरुषांनी कीमोआधी वीर्य गोठवून ठेवावं, ते सोपं आहे. स्त्रियांसाठी बीजांडं किंवा बीजांडकोशाचा भाग गोठवण्याचे पर्याय आहेत, पण त्याला वेळ लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासमोर आई-वडील हा विषय काढत नाहीत आणि डॉक्टर गडबडीत विसरतात. तुम्हीच काढा.

२१. ट्रान्सप्लांट झालं आणि ल्युकेमिया परत आला. आता काहीच नाही का?

काही आहे, पण किती, ते आजार कधी परतला यावर बरंचसं ठरतं. पहिल्या सहा महिन्यांत परतला तर वाट खडतर असते. वर्षा-दोन वर्षांनी परतला तर पर्याय जास्त. एक म्हणजे रोगप्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करणं, म्हणजे डोनरच्या पेशींना मोकळीक मिळते. दुसरं, त्याच डोनरच्या लिम्फोसाइट पेशी पुन्हा चढवणं, याला डीएलआय म्हणतात. १९९० मध्ये जर्मनीतल्या डॉ. कोल्ब यांच्या गटानं सीएमएलच्या रुग्णांत याचा परिणाम दाखवला. यात जीव्हीएचडी भडकण्याचा धोका असतो. तिसरं, दुसरं ट्रान्सप्लांट, निवडक रुग्णांत.

बी-पेशींच्या ल्युकेमियात आणि लिम्फोमात कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी काढून, बदलून परत देणं) हा पर्याय आता भारतात बनतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एएमएलला ते लागू नाही, आणि नावातल्या साधर्म्यामुळे हा गोंधळ दर आठवड्याला होतो. आपला आजार नेमका कोणता हे रिपोर्टवरून पाहून मगच चौकशी करा.

पुढचा उपचार न घेता घरी जाऊन वेदना कमी ठेवायच्या, असंही एखादं कुटुंब ठरवतं. तेव्हा पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारून घ्या, आणि ताप आला किंवा रक्तस्राव झाला तर कुणाला फोन करायचा, तो नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.